टपली मारली आणि ती खरी ठरली: निनावी आयडी, कटाच्या कथा आणि तुमचे अनुभव

काकदृष्टी (धागाकर्ता):
राजकारणाच्या धाग्यावर प्रतिसादांचं शतक सहज लागतं. निम्म्या टपल्या, म्हणजे थट्टेच्या कोपरखळ्या, उरलेल्यांत कुणीतरी 'यामागे कोण आहे ते कळतंय ना?' एवढंच लिहून पसार. चेहरा नाही, खरं नाव नाही, त्यामुळे गडी गंमत करतोय की मनापासून बोलतोय हे कळायला मार्ग नसतो. २००५ मध्ये नेथन पो नावाच्या एकाने उत्क्रांतीवरच्या वादात हेच लिहिलं होतं: डोळा मारल्याची खूण नसेल, तर कट्टर मताची नक्कल कुणीतरी खरी समजणारच. आज त्याला 'पोचा नियम' म्हणतात.
अशी एखादी चेष्टा खऱ्याच्या खात्यात जमा होताना तुम्ही पाहिली आहे का? पक्षांची नावं नकोत, नाहीतर भलत्याच भांडणात धाग्याचं काश्मीर होईल. डुआयडींचंही (एकाच माणसाच्या दुसऱ्या, लपवलेल्या आयडींचंही) स्वागत.

रातकिडा:
पाहिली आहे, तीही एका संकेतस्थळाच्या संपादकाच्या खुर्चीतून. आमच्याकडे एक जुना, महामिश्कील आयडी होता. नेते भाषणात खोकतात ती सांकेतिक भाषा असते, असा धागा त्याने काढला. सोबत तक्ता: एक खोकला म्हणजे खातेपालट, दोन म्हणजे छापा, घसा खाकरून वर पाणी प्यायले तर 'अध्यदेश'. हो, 'ध्य'. लोक हसून हसून लोळले. पुढे तो गृहस्थ संसारात अडकला आणि लिहायचा थांबला.
बऱ्याच काळाने तोच तक्ता कायप्पावरून (व्हॉट्सॅपवरून) फिरत परत आमच्याकडेच आला. वर 'गुप्तचर खात्यातील निवृत्त अधिकाऱ्याकडून' अशी ओळ चिकटलेली, आणि 'अध्यदेश' जसाच्या तसा! एका नव्या आयडीने तो पुरावा म्हणून डकवला. आम्ही मूळ धागा तारखेसकट दाखवला. उत्तर आलं, "म्हणजे त्याला आधीच माहीत होतं. आता तो गप्प का, याचा विचार करा." तो घरगुती कारणांनी गप्प आहे म्हटलं, तर संपादकही सामील ठरले. शेवटी कंटाळून धागा कुलूपबंद केला. मग काय, कुलूप हाच सगळ्यात मोठा पुरावा!

दूरदेशी:
अगदी हेच यंत्र जर्मनीत निव्वळ गंमत म्हणून चालतं. बीलेफेल्ड नावाचं शहर अस्तित्वातच नाही, हा विनोद १९९४ मध्ये आखिम हेल्ड या विद्यार्थ्याने यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर टाकला. तिथलं कुणी ओळखता? कधी गेलायत? गेलेलं कुणी माहीत आहे? 'हो' म्हणालात तर तुम्ही कटातले. मी शिकायला जर्मनीत असताना वर्गातल्या बीलेफेल्डच्या मुलीला रोज हे ऐकावं लागायचं, आणि ती शांतपणे "मला पगार मिळतो याचा" म्हणायची. २०१९ मध्ये शहरानेच दहा लाख युरोंचं बक्षीस लावलं, शहर नाही हे सिद्ध करणाऱ्याला. पैसे अर्थातच वाचले. या कथेत खलनायक कुणीच नाही, म्हणून ती इतकी वर्षं निरुपद्रवी राहिली असं मला वाटतं.

वाचनमात्र:
आणि खलनायक मिळाला की? २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी मी ते इंग्रजी धागे रात्र रात्र वाचायचे. फुटलेल्या ईमेलमधले पिझ्झा, चीज वगैरे शब्द सांकेतिक ठरवून वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या दुकानाच्या तळघरात मुलं कोंडलीत, अशी कथा रचली गेली. सुरुवातीला टवाळीच जास्त होती. मग टवाळखोर कंटाळून दुसरीकडे गेले आणि मागे राहिले ते मानणारे. डिसेंबरात एक जण रायफल घेऊन मुलांना सोडवायला गेला, आत गोळ्या झाडल्या. सुदैवाने कुणाला लागल्या नाहीत. दुकानाला तळघरच नव्हतं. त्यानंतर 'तो भाड्याने आणलेला नट आहे' हा नवा धागा!

टोपणनाव संपलं:
फक्त मानणाऱ्यांना हसू नका. अमेरिकेत टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना उपचार न देता सरकारी आरोग्य खातं १९३२ पासून नुसतं बघत बसलं होतं. १९७२ मध्ये हे वर्तमानपत्रात आलं, तेही खात्यात काम केलेल्याच माणसाने कागद दिले म्हणून. तिथे नावं होती, कागद होते, पुढे राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. डोळा मारून पसार होणं वेगळं. बाकी माझी नोकरी अशी की खऱ्या नावाने राजकारणावर चकार शब्द काढता येत नाही. या टपल्या बंद झाल्या तर मी गुदमरेन.

चिंचपेटी:
माझे मामा अशाच एका गटात आहेत. वाद घालणं सोडलं. एकदा एवढंच विचारलं, "मामा, हे खोटं आहे असं तुम्हाला वाटायला काय दिसायला हवं?" मामा म्हणाले, "तू फार वाचतेस." विषय संपला, जेवायला बसलो.

डुआयडी क्रमांक दोन:
सगळं ठीक. पण हा धागा नेमका आजच का काढला?

काकदृष्टी:
काल नेट बंद होतं हो.

डुआयडी क्रमांक दोन:
कालच कसं काय?