मदत हवी आहे: दुनळी बंदुकीच्या नळ्यांचा काळा रंग उडालाय

मंडळी, नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. आजोबांची १२ बोअरची दुनळी आता बाबांच्या परवान्यावर आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत आचारसंहितेमुळे ती जमा करावी लागली. परत आली तेव्हा नळ्यांवर बोटं उमटल्यासारखे तांबूस डाग होते, आणि एका बाजूचा निळसर काळा रंग उडून पांढरं लोखंड दिसत होतं. गेल्या दसऱ्याला बाबांनी ती शस्त्रपूजेला काढली, हळदकुंकू वाहिलं, नळीवरून हात फिरवला आणि काही न बोलता आत ठेवून दिली. या दसऱ्याआधी ती नीट व्हावी, एवढंच मनात आहे.

परवाना असलेल्या एका कारागिराला दाखवली. तो म्हणतो, कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत बुडवून एका दिवसात काळी करतो, नाहीतर भट्टीत भाजायचा सिरॅमिक रंग मारतो. बाटलीतलं कोल्ड ब्लूइंग, म्हणजे न तापवता लोखंड काळं करणारं द्रावण, बाबांनी आधीच लावून पाहिलं होतं, ते थोड्याच दिवसांत पुसलं गेलं. काय करावं? दस्त्याच्या टोकाची काळी प्लेटही हिरवट-तपकिरी झालीय. ती प्लॅस्टिकची असेल का? तिला रंग बसेल?

प्रतिसाद १

गरम टाकीला साफ नाही म्हणा. जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. टाकी १४० अंशांच्या आसपास असते. तेवढ्याने डाख वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं. पट्टीखाली अडकलेला क्षार पुढे झिरपत राहतो आणि आतून गंज चढतो, ते वेगळंच.

तुमच्या नळ्यांना रस्ट ब्लूइंग हवं. तेलाचा अंश काढून द्रावणाचा पातळ हात द्यायचा, दमट जागी बारीक गंज चढू द्यायचा, मग नळ्या स्वच्छ पाण्यात उकळायच्या. उकळल्यावर तांबडा गंज काळा होतो, म्हणजे त्याचा मॅग्नेटाइट बनतो. वरची भुकटी स्टील वूलने झाडायची आणि पुन्हा तेच, सहा-आठ वेळा. काम वेळखाऊ आहे, पण डाखाला धक्का लागत नाही.

सिरॅमिक लेप वाईट नाही. ॲल्युमिनियमच्या बॉडीवर किंवा पॉलिमरच्या भागांवर ब्लूइंग चढतच नाही, तिथे तोच कामाचा. फक्त पॉलिमरला भट्टीची आच कमी ठेवावी लागते, नाहीतर भाग वाकतो. पण लेपाआधी नळ्यांवर वाळूसारखी भुकटी जोरात मारून पृष्ठभाग खरवडतात. आजोबांच्या बंदुकीवर नक्षी असेल तर मी तरी ते करू देणार नाही.

प्लेट एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असावी. उजेडाने आणि ओलाव्याने ते असंच रंग बदलतं. गरम पाणी लावू नका, काम सुरू होण्याआधी ती काढून ठेवा.

एक गोष्ट विसरू नका. पॉलिश करताना नंबर घासला जाता कामा नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखखूण पुसणं गुन्हा आहे. आणि पूजेनंतर हळदकुंकू लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. कापडी खोळीत ठेवत असाल तर तेही बंद करा, खोळ ओल धरते.

धागाकर्ता

मनापासून आभार. खोळीतच ठेवत होतो! नक्षी आहे, बंदुकीच्या घोड्यांच्या बाजूला दोन तितर कोरलेत. आज नंबर परवान्याशी ताडून फोटो काढून ठेवले. ग्वाल्हेर, भोपाळ किंवा इंदूरकडे हाताने रस्ट ब्लूइंग करणारा परवानाधारक कारागीर कुणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा. बाबांना घेऊन मी स्वतः येईन.