मदत हवी आहे: वॉशिंग्टनने कागदपत्रं दिली की नाकारली?

निशिगंध०७: अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, त्याच्याबद्दल दोन पुस्तकांत दोन तऱ्हा. एकात 'वॉशिंग्टनने प्रतिनिधीगृहाला (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाला) कागदपत्रं नाकारली', दुसऱ्यात 'सगळी दिली'. खरं काय? उद्या सकाळी टिपण द्यायचंय. विकी वाचून झालंय, लिंका नकोत.

खारावारा: कुठले कागद? कुठलं साल? आठ वर्षं होता की तो खुर्चीवर.

निशिगंध०७: चौकशीचे हो! मंत्र्यांची बैठक वगैरे झाली तेच.

दप्तरदार: मग ते १७९२. ४ नोव्हेंबर १७९१ ला वॉबॅश नदीकाठी मूलनिवासी जमातींच्या युतीने जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडवला, सहाशेवर सैनिक मेले. प्रतिनिधीगृहाने चौकशी समिती नेमली आणि समितीने थेट युद्धमंत्री नॉक्सकडे कागद मागितले. असा प्रसंग पहिलाच, म्हणून वॉशिंग्टनने मंत्रिमंडळातल्या चौघांना बसवून विचारलं. ठरलं असं: गृहाला चौकशीचा आणि कागद मागण्याचा हक्क आहे, पण जे उघड केल्याने लोकहिताला बाधा येईल ते अध्यक्षाने रोखावेत, आणि मागणी खात्याकडे नव्हे, अध्यक्षाकडे यावी. या शेवटच्या मुद्द्यावर हॅमिल्टनने आपल्या अर्थखात्यापुरती पुस्ती जोडली, कारण त्या खात्याचा कायदाच त्याला काही बाबतींत काँग्रेसला बांधत होता. ४ एप्रिलला गृहाने अध्यक्षाकडे रीतसर मागणी केली आणि कागद मिळाले.

तुमच्या पहिल्या पुस्तकात तहाचा उल्लेख आहे का?

निशिगंध०७: हो, आहे. इंग्लंडशी तह.

लोणकढी: अहो ताई, हे आधी सांगायचं ना! ते १७९६, प्रकरणच वेगळं. जॉन जे यांनी इंग्लंडशी केलेला तह सेनेटने (वरिष्ठ सभागृहाने) १७९५ मध्ये २० विरुद्ध १० मतांनी मंजूर केला, म्हणजे दोन तृतीयांशाच्या काठावर. अंमलबजावणीला पैसा लागणार, तो गृहाच्या हातात. म्हणून गृहात सदस्य लिव्हिंग्स्टनचा ठराव आला: वाटाघाटींचे कागद द्या. ६२-३७ ने पास. ३० मार्चला वॉशिंग्टनचा साफ नकार. कारण काय दिलं, तर तह करणं अध्यक्ष आणि सेनेटचं काम, सेनेटने सगळे कागद पाहिलेत, आणि गृहाने महाभियोगाचं नावही काढलेलं नाही. वर फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेची कामकाज-नोंद पुढे केली: 'कायद्याने मंजुरी मिळेपर्यंत तह बंधनकारक नाही' हा प्रस्ताव तिथे फेटाळला गेला होता. परिषदेचा अध्यक्ष हाच, त्यामुळे त्याच परिषदेत बसलेल्या आणि आता गृहात तहाविरुद्ध उभ्या असलेल्या मॅडिसनची चांगलीच पंचाईत झाली.

दप्तरदार: पण त्याने गृह गप्प बसलं असं लिहू नका. तहाला पैसा लागत असेल तर विचार करण्याचा हक्क आमचा, असा ठराव त्यांनी केलाच. शेवटी ३० एप्रिलला ५१-४८ ने तरतूद मंजूर. दोन मतं फिरली असती तर तह कागदावरच राहिला असता.

दोनखेप: हे सगळं ठीक, पण त्याचा खरा पायंडा दोन मुदतींचा. निरोपाच्या भाषणात स्पष्ट सांगितलंय. टिपणात तेच घाला.

लोणकढी: विचारलंय काय, सांगताय काय! आणि ते भाषण नव्हे, १९ सप्टेंबर १७९६ ला वर्तमानपत्रात छापलेलं पत्र. त्यात 'दोनच मुदती' असा नियम कुठेही नाही, फक्त निवृत्तीची इच्छा आहे. तत्त्व म्हणून मांडलं जेफरसनने, १८०७ मध्ये. घटनेतलं लेखी बंधन थेट १९५१ चं.

दोनखेप: नियम नसेल, पण पुढच्यांनी पाळलं कुणाकडे बघून?

खारावारा: अवांतर: जे यांच्या याच तहाच्या १३ व्या कलमाने हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत अमेरिकन जहाजांना मुभा मिळाली, म्हणजे आपली मुंबईही आली. आणि १२ व्या कलमात वेस्ट इंडीजला जाणाऱ्या जहाजांवर ७० टनांची मर्यादा. सत्तर टनात कसला व्यापार होणार? सेनेटने तेवढं कलम वगळूनच तह मंजूर केला.

दप्तरदार: १७९४ कुणीच काढलं नाही. फ्रान्समधला अमेरिकेचा राजदूत गव्हर्नर मॉरिस याचा पत्रव्यवहार मागितला, तेव्हा काही मजकूर गाळून बाकीचा दिला. (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे.) देणं, गाळून देणं, नाकारणं, तिन्ही एकाच माणसाने केलंय.

निशिगंध०७: १५० शब्दांत तिन्ही बसवते. मॉरिसचे कागदही गृहानेच मागितले ना?

दप्तरदार: नाही, सेनेटने. गृहाच्या यादीत ते घालू नका.