ड्रोनच्या युगात पायदळाची भरती: सीमाभागातील मुलांनी काय ठरवावे?

प्रश्न: एक पालक, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा बारावी उत्तीर्ण झाला असून गेल्या वर्षापासून सैन्यभरतीची तयारी करत आहे. आमच्या भागात यात नवीन काही नाही. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लजपर्यंत असे गाव शोधावे लागेल, जिथल्या चार-दोन घरांचा तरी मराठा लाईट इन्फंट्रीशी संबंध आलेला नाही. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर मुले धावताना दिसतात, आणि सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, दहा बीम, नऊ फुटी खड्डा हे सगळे घरातल्या धाकट्या भावंडांनाही पाठ असते.

मुलाच्या कष्टांविषयी मला शंका नाही. माझी शंका तो ज्या कामासाठी कष्ट घेत आहे त्या कामाविषयी आहे. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून आपण रोज पाहत आहोत, की स्वस्तातले उडते यंत्र खंदकातल्या माणसाला शोधून मारते. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, 8 आणि 9 मेच्या रात्री, लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी सुमारे 300 ते 400 पाकिस्तानी ड्रोन आले, असे सरकारनेच सांगितले. त्या चार दिवसांत दोन्ही देशांचे पायदळ सीमा ओलांडून समोरासमोर आलेच नाही. मग बंदूक घेऊन चालणाऱ्या शिपायाचे काम पुढच्या वीस वर्षांत उरणार आहे का? आणि उरणार असेल, तर अग्निपथ योजनेतील चार वर्षांत तो ते किती शिकणार? ज्यांनी नोकरी केली आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया स्पष्ट मत द्यावे. मुलाला नाउमेद करायचे नाही, पण डोळे झाकून पाठवायचेही नाही.

उत्तर: निवृत्त सुभेदार, बेळगाव

आपण प्रश्न योग्य विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पायदळ संपले असे जे म्हणतात, त्यांनी युक्रेनचा नकाशा पाहावा. आकाशात दोन्ही बाजूंचे ड्रोन घोंघावत असताना बाखमुत मे 2023 मध्ये आणि अवदिइवका फेब्रुवारी 2024 मध्ये पडले ते पायदळ आत शिरले तेव्हा. एखादी जागा उद्ध्वस्त करणे यंत्राला जमते, पण ती ताब्यात घेऊन तिथे पाय रोवून राहणे अजून माणसालाच करावे लागते. युक्रेनला एप्रिल 2024 मध्ये सक्तीच्या भरतीचे किमान वय 27 वरून 25 वर आणावे लागले. ड्रोन बनवण्यात आणि वापरण्यात जगात आघाडीवर असलेल्या देशाला माणसे कमी पडतात, यातच पुष्कळ काही आले.

बदल झाला आहे तो शिपायाच्या कामात, आणि तो फार खोलवर झाला आहे. आम्ही शिकलो तेव्हा समोर, डावीकडे, उजवीकडे नजर ठेवायची पद्धत होती. आता वर कान लावावे लागतात. थर्मल कॅमेऱ्याला अंगाची ऊब दिसते, गाडीच्या इंजिनाची ऊब दिसते, नुकत्याच खणलेल्या मोर्चाची ताजी मातीही भोवतालच्या जमिनीपेक्षा वेगळी दिसते. म्हणून हालचाल करायची ती बहुधा तिन्हीसांजेला किंवा पहाटे, जेव्हा जमीन आणि शरीर यांच्या तापमानातला फरक कॅमेऱ्याला नीट पकडता येत नाही. दोघांतिघांनी एकत्र थांबायचे नाही. आघाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जाळ्या टाकलेल्या असतात, कारण काही ड्रोन आता काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) बारीक तार मागे सोडत येतात आणि त्यांच्यावर जॅमर, म्हणजे रेडिओ संदेश अडवणारे यंत्र, चालत नाही. जखमी सोबत्याला मागे न्यायला कित्येकदा पुढच्या रात्रीची वाट पाहावी लागते, तोवर रक्त थांबवण्याचे काम शेजारच्या शिपायालाच करावे लागते. हे सगळे ज्याला येते तोच जगतो, आणि हे पुस्तक वाचून येत नाही.

शिवाय आपली उत्तर सीमा म्हणजे युक्रेनचे सपाट मैदान नव्हे. लडाखमध्ये थंडीने बॅटरी लवकर उतरते आणि विरळ हवेत पंख्यांना उचल मिळत नाही. जून 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान हुतात्मा झाले, तेव्हा तिथे एक गोळीही झाडली गेली नव्हती. सिंदूरच्या वेळीही ड्रोन पाडण्यात ज्या एल-70 तोफांचा मोठा वाटा होता, त्या मुळात जुन्या बनावटीच्या असून नंतर सुधारलेल्या आहेत, आणि त्यांच्यामागे रात्रभर जागे राहणारे तोफची होते.

आता अग्निपथविषयी. इथे माझे मत ठाम आहे आणि ते अनेकांना आवडणार नाही. शिपाई सहा-सात महिन्यांत घडवता येतो, पण सेक्शन कमांडर, म्हणजे पायदळाच्या लहानशा तुकडीचा प्रमुख, घडायला आठ-दहा वर्षे लागतात. हा फरक बेळगावकरांना तरी समजावून सांगावा लागू नये, कारण नायक, हवालदार आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांना नेतृत्व शिकवणारी ज्युनिअर लीडर्स विंग आपल्याच गावात आहे. तिथे येणारा हवालदार नवशिका नसतो. तो काश्मीर, ईशान्य भारत, हिमप्रदेश यांपैकी काहीतरी अंगावर घेऊन आलेला असतो, आणि म्हणून त्याला शिकवलेले रुजते. चार वर्षांनी शंभरातले पंचाहत्तर जण घरी जाणार असतील, तर उरलेल्या पंचवीसांतूनच सगळे नायक आणि हवालदार निवडावे लागतील. 26 जुलै 2025 रोजी द्रास येथे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या प्रत्येक पलटणीत (बटालियनमध्ये) ड्रोन प्लाटून, म्हणजे ड्रोनची छोटी तुकडी, असेल असे सांगितले. निर्णय उत्तम आहे. परंतु ड्रोन उडवायचा, शत्रूचा ओळखायचा, बिघडला तर तिथेच दुरुस्त करायचा आणि त्याच वेळी रायफलही चालवायची, हे ज्याच्या हाती चौथ्या वर्षी नीट बसले, त्यालाच त्या वर्षी निरोप द्यायचा, हा हिशेब मला पटत नाही. यंत्रे जितकी वाढतील तितका मुरलेला माणूस जास्त लागेल. सेवा निदान सात-आठ वर्षांची करावी आणि निम्म्याहून अधिक मुलांना कायम ठेवावे, असे मला वाटते.

उत्तर: लघुउद्योजक, उद्यमबाग औद्योगिक वसाहत, बेळगाव

सुभेदार साहेबांच्या मताचा आदर राखून दुसरी बाजू मांडतो. शिपाई कितीही मुरलेला असला तरी त्याच्या मागचा कारखाना थांबला तर तोही थांबतो.

युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले आणि मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे दिले गेले होते. पैसा होता, इच्छाही होती, पण कारखाने शीतयुद्धानंतर आटोपते घेतलेले होते. आमच्या व्यवसायातल्या माणसाला याचे कारण लगेच कळते. 155 मिलिमीटरच्या गोळ्याचे कवच म्हणजे पोलादाचा ठोकळा लालबुंद तापवून, प्रेसखाली दाबून, लेथवर बारीक मापात कातून, पुन्हा उष्णतेची प्रक्रिया देऊन, तांब्याचा पट्टा बसवून केलेली वस्तू. त्यातले एक प्रेस मागवले तर यायला वर्ष जाते, आणि ते चालवणारा कारागीर तयार व्हायला त्याहून अधिक. आपल्या भागात ओतकाम आणि मशीनिंगची परंपरा आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, म्हणजे कौशल्य नाही असे कोणी म्हणू नये. संरक्षणाच्या मागण्या मात्र वर्षानुवर्षे अनिश्चित असतात, त्यामुळे लहान कारखानदार त्यासाठी कर्ज काढून यंत्र घेत नाही.

ड्रोनचे तर अधिकच अवघड आहे. मोटरमधले चुंबक दुर्मिळ मृदा धातूंपासून होतात, आणि त्या गटातल्या सात धातूंच्या निर्यातीवर चीनने एप्रिल 2025 मध्ये निर्बंध घातले. त्याच वर्षाच्या आरंभी आपल्या सैन्याला चिनी सुटे भाग असल्याच्या कारणाने 400 ड्रोनचे करार रद्द करावे लागले होते. ज्या शेजाऱ्याशी उद्या सामना होऊ शकतो, त्याच्याच सुट्या भागांवर आपले शस्त्र उभे असणे ही माझ्या दृष्टीने अग्निपथपेक्षा मोठी चिंता आहे. म्हणून या पालकांना सांगेन, की मुलाला सैन्यात जरूर पाठवा, पण त्याआधी आयटीआय करू द्या. हात शिकलेला असेल तर पलटणीतही त्याला किंमत आहे आणि परत आल्यावर उद्यमबागेतही.

उत्तर: राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, निपाणी

सुभेदार साहेबांचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे, मात्र अग्निपथ केवळ चुकीची म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपयांची तरतूद होती आणि त्यातले सुमारे 1.60 लाख कोटी निवृत्तिवेतनावर जाणार होते. नवी विमाने, जहाजे, क्षेपणास्त्रे यांसाठीचा भांडवली खर्च 1.80 लाख कोटी होता. हे दोन आकडे जवळजवळ सारखे असणे कोणत्याही सरकारला अस्वस्थ करणारच. सैन्य तरुण असावे ही मागणीही जुनी आहे, कारण सोळा-सतरा हजार फुटांवर चढाई करायला विशीतली फुफ्फुसेच लागतात.

मला खटकते ते असे, की जे पंचाहत्तर टक्के परत येतील त्यांच्याकडे सरकार केवळ पुनर्वसनाचा प्रश्न म्हणून पाहत आहे. चार वर्षांच्या शेवटी मिळणाऱ्या सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये आणि केंद्रीय पोलीस दलांत राखीव जागा, एवढ्यावर चर्चा संपते. युरोपात नेमके उलटे चालले आहे. स्वीडनने 2017 मध्ये, लाटवियाने 2023 मध्ये सक्तीची लष्करी सेवा पुन्हा आणली. युद्ध लांबले तर पहिल्या वर्षानंतर लढायला राखीव फळी लागते, हे युक्रेनने दाखवून दिले. आपल्याकडे 2026 च्या अखेरीपासून प्रशिक्षित, शिस्तबद्ध तरुणांची एकेक तुकडी दरवर्षी गावी परतू लागेल. त्यांना वर्षातून काही आठवडे बोलावून, नवे शस्त्र आणि ड्रोन हाताळायला देऊन, मानधन देऊन राखीव दल म्हणून का बांधू नये? मग चार वर्षांचे शिक्षण वाया जाणार नाही आणि निवृत्तिवेतनाचा भारही वाढणार नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी गांभीर्याने घ्यावी. भरतीचे वय उलटलेल्या, कर्जात अडकलेल्या मुलांना परदेशात मदतनिसाची किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी सांगून रशियाच्या सैन्यात ढकलल्याच्या घटना आपल्याच राज्यात, कलबुर्गी जिल्ह्यात घडल्या आहेत. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा 126 भारतीयांची माहिती दिली, त्यांतील 12 जण मृत्युमुखी पडले होते आणि 16 बेपत्ता होते. पंतप्रधानांनी जुलै 2024 मध्ये मॉस्कोत हा विषय काढल्यावर अनेकांची सुटका झाली, पण दलाल अजून मोकळे फिरत असतात. भरतीत अपयश आलेला मुलगा सर्वांत असुरक्षित असतो. त्याला त्या काळात घरातून बोल लावू नयेत.

पालक, खानापूर तालुका

तिघांचेही मनापासून आभार. मॅडमनी लिहिलेली राखीव दलाची कल्पना मला फार पटली. सुभेदार साहेब, एवढेच विचारतो: आयटीआयसाठी दोन वर्षे थांबावे, की यंदाची भरती द्यावी? वय निघून जाण्याची भीती आहे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

मुलाचे वय अठराच्या आसपास असेल तर दोन्ही साधता येते. यंदा फॉर्म भरू द्या. आता आधी ऑनलाईन लेखी परीक्षा असते आणि मैदान नंतर, त्यामुळे नुसते धावून भागत नाही. गणित आणि सामान्य विज्ञान यांत आपली मुले मागे पडतात, तिकडे रोज दोन तास तरी द्यायला सांगा. निवड झाली तर उत्तम. नाही झाली, तर लगेच आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स किंवा फिटरला प्रवेश घ्या, म्हणजे पुढच्या खेपेस तांत्रिक पदासाठीही अर्ज करता येईल. कॉलेजात असताना एन.सी.सी. केली असेल तर प्रमाणपत्र शोधून ठेवा, त्याचे वाढीव गुण मिळतात.

प्राध्यापिका मॅडमच्या राखीव दलाच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, फक्त एक जोड देतो. त्या मुलांना शिकवायला हवालदार लागतील, आणि ते आजच टिकवले नाहीत तर आठ वर्षांनी मिळणार नाहीत. आम्ही काही माजी सैनिक या विषयावर खासदारांना निवेदन देणार आहोत. निवेदनाचा मसुदा तयार झाला की इथे टाकतो, प्राध्यापिका मॅडम आणि उद्यमबागेच्या साहेबांनी त्यात आपापले मुद्दे घालावेत.