मॉडेल ए मिळाली, आता इंजिन कोणतं? (हॉट रॉडचा बेत, भांडायला या)

चौदाचा पाना:

मुक्काम मिशिगन. गेल्या ऑक्टोबरात शेजारच्या ओहायोत एका शेतावरच्या कोठारातून १९३१ची फोर्ड मॉडेल ए कूपे ओढून आणली. दोन दारं, मागे उघडी रंबल सीट, मडगार्डं चारातली तीन, आणि गादीत उंदरांच्या चार पिढ्यांची वसाहत. मूळचं चार सिलिंडरचं इंजिन जागेवर आहे. हँडल घातलं तर कुरकुरत फिरतं, म्हणजे मेलेलं नाही. पण मला ती जशीच्या तशी उभी करायची नाही. हॉट रॉड करायची आहे.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: जुनी स्वस्त गाडी घ्यायची, काढता येईल ते सगळं काढून वजन उतरवायचं, आणि तिने जन्मात पाहिलं नसेल असं इंजिन तिच्यात बसवायचं. महायुद्धाच्या आधी आणि नंतर कॅलिफोर्नियातली पोरं असल्या गाड्या मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. तिथल्या गोंधळाला शिस्त लावायला १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली.

आता मुद्दा. बरेच जण आधी चाकं घेतात, रंग ठरवतात, आणि इंजिन 'बघू पुढे' म्हणून ठेवतात. माझ्या मते हे लग्नाचा हॉल बुक करून मग स्थळ बघण्यासारखं आहे. इंजिनावर गिअरबॉक्स ठरतो, गिअरबॉक्सवर पेडलं आणि चॅसीची मधली आडवी पट्टी म्हणजे क्रॉसमेंबर, पुढे रेडिएटर किती सरकणार ते, आणि मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधला पत्रा, कापायची की नाही ते.

माझं इंजिन मनात ठरलंय: फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८. १९३२ साली आलं, २२१ क्युबिक इंच, म्हणजे ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. आठ सिलिंडर एकाच ओतकामात काढून ते साध्या माणसाच्या गाडीत बसवायची जिद्द म्हाताऱ्या हेन्री फोर्डची. त्याचं सुरुवातीचं काम जिथे गुपचूप चाललं ती एडिसनची जुनी प्रयोगशाळा इथे डिअरबॉर्नलाच उभी आहे. मला त्याचा ५९एबी नावाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव धूड, मिळतोय, १९४६-४८चा. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) अष्टमांश इंच वाढवायचा, फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचा चार इंच स्ट्रोकचा (पिस्टनची वरखाली धाव) क्रँक घालायचा, की झाले २७६ क्युबिक इंच. वर दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर. विकणारा म्हणतो ब्लॉक चांगला आहे.

बोला.

गॅरेजकाका:

चांगला आहे म्हणजे त्याला अजून तडा सापडलेला नाही.

मी ह्यूस्टनला दोन रॉड केल्यात, पहिलीत फ्लॅटहेड होतं. तुम्ही त्याचं कौतुक लिहिलंत, आता दुखणं ऐका. त्याचे व्हॉल्व्ह डोक्यात नाहीत, ब्लॉकमध्ये आहेत. म्हणून तर वरचं हेड सपाट. पण त्यामुळे जळालेला गॅस बाहेर जायला ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरच्या बाजूने, पाण्याच्या पोकळीतून वळसा घेतो. एका बाजूच्या चार सिलिंडरांच्या गॅसला बाहेर पडायला भोकं तीन, मधल्या दोघांचं एकच. म्हणजे जे पाणी इंजिन थंड करणार त्यालाच इंजिन आधी तापवतं. व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत तडे जातात ते याच पापाने.

आणि तुम्ही गाडी नेणार कुठे? वुडवर्ड ड्रीम क्रूझला, तुमच्या डेट्रॉइटच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला! ऑगस्टचा तिसरा शनिवार, ऊन मी म्हणतंय, हजारो गाड्या मुंगीच्या पावलाने. तिथे माझ्या ओळखीचा एक फ्लॅटहेडवाला बॉनेट काढून झाडाखाली बसलेला मी स्वतः पाहिलाय. गाडीतून येणारी वाफ बघून पोरं फोटो काढत होती.

शेव्हरोलेचं ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ घाला. नवं कोरं, पेटीबंद, २९० अश्वशक्तीचं मिळतं, तुमच्या फ्लॅटहेडच्या नुसत्या मशीनिंगच्या आसपासच्या पैशात. कुठल्याही गावात सुटे भाग मिळतात. रविवारीसुद्धा.

चौदाचा पाना:

काका, ३५०ला इथले लोक 'बेंबी' म्हणतात. प्रत्येकाला एक असते, म्हणून. पार्किंगमध्ये दहा रॉडची बॉनेटं उघडा, आठांत तेच नारिंगी इंजिन. मला तसलं अकरावं करायचं नाही.

शिवाय त्याचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा डबा) मागच्या टोकाला. मॉडेल एमध्ये तो थेट फायरवॉलवर येतो. म्हणजे ९० वर्षांचा पत्रा कापा, नाहीतर रेडिएटर पुढे ढकला आणि गाडीचं नाक बिघडवा.

तापण्याबद्दल तुमचं खरं आहे. पण बरेच ब्लॉक तापतात ते आतली घाण न काढल्यामुळे. ओतकामाची वाळू आणि साच्यातली तार पाण्याच्या पोकळीत तशीच राहिलेली असते, तिच्यावर पुढच्या ऐंशी वर्षांचा गंज. ते साफ करा, मोठा रेडिएटर, पाण्याचे दोन्ही पंप नीट करा, चालतं.

सॅनहोजेची मीनल:

दोघेही परंपरेच्या नावाने भांडताय, पण परंपरा होती तरी काय? १९४० साली लॉस एंजेलिसमधलं एकोणीस वर्षांचं पोरगं मॉडेल एमध्ये व्ही-८ का घालायचं? त्याचा आवाज गोड होता म्हणून नाही. अपघातात चेपलेल्या फोर्ड भंगारात पडल्या होत्या आणि त्यातलं इंजिन स्वस्त होतं म्हणून. १९५५ला शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक आलं, २६५ क्युबिक इंचात १६२ अश्वशक्ती. १९५३चं शेवटचं फोर्ड फ्लॅटहेड ११०वर थांबलं होतं. मग काय झालं? त्याच पोरांनी फ्लॅटहेड काढून फेकलं. कोणी रडत बसलं नाही.

मग आजच्या भंगारात काय पडलंय? १९९९नंतरच्या शेव्हरोले पिकअपचं ५.३ लिटर. दोन लाख मैल चाललेलंसुद्धा सकाळी एका चावीत सुरू होतं. आणि पाना, तुमच्या फायरवॉलसाठी खास: याला डिस्ट्रिब्युटरच नाही. काही कापू नका.

मी १९४०च्या फोर्डमध्ये हेच घातलंय. खोटं बोलणार नाही, त्रास झाला. पिकअपचं तेलाचं पॅन खोल असतं, ते बदलावं लागलं. वायरिंगचा गुंता जमिनीवर पसरला तेव्हा नवऱ्याला वाटलं मी घराचं वायरिंग काढलंय. पण आता गाडी कामाला नेते, मंगळवारी, पावसात.

चौदाचा पाना:

मीनल, हा मुद्दा लागला. खरंच लागला. भंगाराबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

पण माझ्या हॉट रॉडला बॉनेट नसणार हो. इंजिन हाच तिचा चेहरा. त्या ५.३वर प्लॅस्टिकचं झाकण आणि आठ कॉइलची रांग. मी दिवसभर ऑफिसात तेच बघतो.

भुईचक्र:

मग सरळ बॅटरी टाका की! तापणार नाही, गळणार नाही.

चौदाचा पाना:

मी पोटापाण्यासाठी बॅटरीचे पॅकच करतो. रात्री गॅरेजमध्येही तेच केलं तर बायको घराबाहेर काढेल. पुढे.

कोथरूडकर:

तुम्ही सगळे सुखी लोक आहात. ९० वर्षांची गाडी धडधाकट मिळाली आणि चर्चा कशाची, तर तिचं पोट फाडून काय भरायचं याची! इंजिन फिरतंय म्हणता ना? २०० क्युबिक इंच, ४० अश्वशक्ती, ताशी साठ मैल. तेवढं पुरत नाही का? एकदा कापलेली गाडी परत मूळची होत नाही.

आमच्याकडे हा धागा निघालाच नसता. २०२१च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार केलेत तर विसरा. त्यावर रोज रस्त्यावर न्यायचीही नाही. मला हे नियम पटतात. कायदा नसता तर आपल्या लोकांनी एकही गाडी सोडली नसती.

गॅरेजकाका:

कोथरूडकर, आपल्या लोकांनी कुठे सोडली? माझ्या मामांची डॉज किंग्सवे होती, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जुळवलेली. पेट्रोल परवडेना म्हणून सत्तरच्या दशकात तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. सुरू झाली की गिरगावातल्या आमच्या चाळीत कपाटातली भांडी वाजायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझा मामा आला, दूध झाक." मुंबईत तेव्हा अशा कितीतरी अमेरिकन गाड्या होत्या. ती पण हॉट रॉडच, फक्त वेगाऐवजी काटकसरीसाठी.

कोथरूडकर:

काका, त्या डॉजचं शेवटी काय झालं ते लिहा की.

गॅरेजकाका:

भंगारात गेली. तुमचा मुद्दा मान्य, पण फक्त डॉजपुरता. मॉडेल ए फोर्डने लाखांनी केल्या, अजून रग्गड उरल्यात.

थेंब थेंब ऑइल:

उशिरा आलो. सगळा धागा वाचला आणि एकानेही ब्रेक हा शब्द लिहिलेला नाही. धन्य.

मॉडेल एचे ब्रेक रॉडने ओढायचे आहेत. पाय दाबा, लोखंडी कांब्या हलणार, आणि चारही चाकांचं एकमत झालं तर गाडी थांबणार. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले तेच १९३९ साली. चॅसी म्हणजे हलक्या पत्र्याच्या दोन पट्ट्या, मधे आडव्या क्रॉसमेंबर. व्ही-८चा पीळ त्या कशा सोसतील? म्हणून तर जुने लोक मॉडेल एची बॉडी उचलून १९३२च्या चॅसीवर ठेवायचे. इंजिन आधी ठरवा हे वाक्यच मला पटत नाही. आधी थांबायचं ठरवा, मग पळायचं.

आणि एक कागदाची गोष्ट. या गाडीचा नंबर इंजिनावर असतो आणि चॅसीवरही. चॅसीवरचा बॉडीखाली दडलेला, बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, जो नंबर आहे तो इंजिनाचा असेल आणि तुम्ही इंजिनच विकून टाकलंत, तर पुढे काउंटरवर काय दाखवणार? आधी बॉडी उचला, ब्रशने घासा, दोन्ही नंबर जुळतात का बघा. तोपर्यंत जुनं इंजिन कोणाला देऊ नका.

इंजिनाचंच विचाराल तर मी चारच सिलिंडर ठेवीन. व्ही-८ यायच्या आधीही पोरं पळवतच होती. विनफील्ड नावाच्या कारागिराचं हेड, वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मोठा कार्बोरेटर, हे सगळं याच चार सिलिंडरच्या इंजिनावर. कोथरूडकरही खूश, चॅसीही खूश.

सॅनहोजेची मीनल:

ब्रेकला शंभर टक्के. चार सिलिंडरला शून्य. फ्रीवेच्या चढावर मागून ट्रक हॉर्न देतो तेव्हा कळतं चाळीस अश्वशक्ती म्हणजे काय.

चौदाचा पाना:

तीन आठवड्यांनी लिहितोय. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

ब्लॉक आणला. पाण्याच्या भोकांतून जुन्या स्पीडोमीटरची केबल ड्रिलला लावून फिरवली. वाळू, गंज, आणि वीतभर लांब तारेचा तुकडा, अर्धी बादली भरली. मुलगी म्हणाली, "बाबा, हा समुद्रकिनारा कुठून आणला?" धुतलेला ब्लॉक बघून मला वाटलं जिंकलो.

मग मशीन शॉपला नेला. तिथल्या म्हाताऱ्याने चुंबक लावला, वरून लोखंडाची बारीक भुकटी फुंकली. भुकटी सगळीकडून सरकली आणि एका जागी रेघ धरून बसली. तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्ह सीटपासून थेट बोअरपर्यंत. पेन्सिलीने ओढल्यासारखी. म्हातारा काही बोलला नाही, फक्त बोट ठेवलं. मग दुसऱ्या बाजूलाही तशीच एक दाखवली.

गॅरेजकाका:

मी काही बोलत नाही.

(पण ३५०ची किंमत अजून तीच आहे.)

चौदाचा पाना:

हसा. पिना घालून शिवता येतं म्हणाला, पण दोन्ही बाजू शिवायच्या तर दुसरा ब्लॉक शोधणं स्वस्त. तो शोधणारच. पण यावेळी आधी तपासणी, मग पैसे. विकणाऱ्याने तपासू दिलं नाही तर नमस्कार करून परत.

थेंबराव, तुमचं ऐकलं. बॉडी उचलली. नंबर जुळले, टायटलवरचाही तोच. चॅसीला आतून पट्ट्या मारून बंद करतोय, मधे आडवा आधार घालतोय. पहिली खरेदी इंजिनाची नाही, ब्रेकची झाली: १९४०च्या फोर्डचे हायड्रॉलिक, चारही चाकांचे. म्हणजे 'इंजिन आधी' या माझ्या वाक्याचं काय झालं ते तुम्हीच बघा. जुनं चार सिलिंडर साफ करून स्टँडवर ठेवलंय. कोथरूडकर, ते विकणार नाही. फायरवॉलही कापणार नाही, म्हणजे कोणाला परत मूळ गाडी करायची झाली तर करता येईल.

मीनल, भंगाराचा मुद्दा अजून डोक्यातून जात नाही. दोन वर्षांत धड ब्लॉक मिळाला नाही तर तुमचं ५.३. हे इथे लिहून ठेवतो.

सॅनहोजेची मीनल:

स्क्रीनशॉट काढलाय.

थेंब थेंब ऑइल:

पेडलाचं माप मास्टर सिलिंडर (पायाचा दाब ब्रेकच्या तेलात पोचवणारा) बसवायच्या आधी घ्या, नंतर नाही. मी नंतर घेतलं होतं.

गॅरेजकाका:

रेडिएटर मात्र मला विचारून घ्या. माझ्याकडे त्या पहिल्या रॉडचा पडून आहे, तांब्याचा, जाडजूड. पाठवण्याचा खर्च तुमचा. मुलगा ट्रॉयला असतो, पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या ऑगस्टला त्याच्याकडे येईन. वुडवर्डला झाडाखाली पाण्याचे दोन कॅन घेऊन बसतो.