मदत हवी आहे: दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, धाकट्या भावाच्या लायसनचं काय होईल?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटा भाऊ बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला भाजीचा टेम्पो नेतो. परतताना नाक्यावर मशीनमध्ये फुंकायला लावलं, प्रमाण जास्त आलं. मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. जीव कुणाचा गेला नाही, ही देवाची कृपा.

आता सगळे म्हणतात, कोर्टात कबूल कर, १०,००० भरून मोकळा हो. पण कबुली म्हणजे दोषी ठरणंच ना? कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, आणि कलम २० प्रमाणे लायसन किमान सहा महिने बंद. दंड कसाही उभा करू. सहा महिने स्टेअरिंग नाही तर घर कशावर चालणार? भावजय पोटुशी आहे.

त्याचं लायसन कोल्हापूरचं आहे, चंदगडला मामाकडे असताना काढलेलं. केस कर्नाटकात असली तरी बंदी तिकडेही लागू होते का? पुढे दुबईला ड्रायव्हर म्हणून जायचं म्हणतो, तेव्हा पोलिसांच्या दाखल्यात हे येईल का? समन्स कानडीत आहे, नीट वाचून समजावणारा मराठी वकील खानापूर-बेळगावात कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. तारीख पुढच्याच आठवड्यात आहे.