आईला घेऊन पन्हाळा: पायऱ्या नकोत, डोंगर हवेत

रंकाळाकर: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर काठी टेकत अर्धा तास आरामात चालते, पण पायरी दिसली की तिथंच बसकण. जोतिबाला पायऱ्या, म्हणून पन्हाळा म्हणतोय. कुठं फिरवू?

गडवाट: कोल्हापुरातनं २० किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते. सज्जा कोठी या तटाजवळच्या जुन्या इमारतीपाशी उतरवा. आतल्या जिन्याचा नाद सोडा. बाजूला तटाजवळ उभं राहिलं तरी खाली दरी न् पलीकडं जोतिबाचा डोंगर. वारा लै असतोय, कानाला स्कार्फ बांधा. पावसाळ्यात मात्र धुक्यात कायबी दिसायचं नाही.

शाहूपुरीची सून: तीन दरवाजा, म्हणजे गडाचं जुनं प्रवेशद्वार, टाळाच. दगड झिजून गुळगुळीत झालेत, माझ्या सासूबाईंनी काठी असून माझा दंड सोडला नाही. त्यापेक्षा पश्चिम टोकाला पुसाटी बुरुजाकडं न्या, गर्दी कमी.

रंकाळाकर: भारी! मग सकाळी लवकर सज्जा कोठी, जमलं तर पुसाटी. आई आत्ताच विचारतीया, झुणका-भाकर कुठं खायची?

गडवाट: जिथं भाकरी समोर थापतात तिथं. खुर्ची आहे का तेवढं आधी बघा, भावा.