निऑन टेट्रा एकेक करून मरून राहिले, काय चुकून राहिलं?

बोरचं_पाणी (दिग्रसकडं, जि. यवतमाळ):
मंडळी, पोरीच्या हट्टापायी मार्चमध्ये दीड फुटाचा माशांचा टँक आणला, ३०-३५ लिटरचा. १० निऑन, ६ गप्पी, २ गोल्डफिश. आता निऑन ३च उरले. पाणी बोरचं, आम्हीही तेच पितो. दर रविवारी सगळं पाणी काढतो, गोटे घासतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली रगडून धुतो, इतकी सफाई तर मी घराचीही नाही करत, तरी सोमवारी एखादा मेलेला सापडतेच. दुकानदारानं निळं औषध दिलं, काही फरक नाही. पोरगी रडून राहिली.

मासोळी_वेडा:
भाऊ, तुमची सफाईच नडून राहिली. माशाच्या घाणीतून अमोनिया होते, ते विषच हाय. स्पंजात अन् गोट्यात जिवाणू बसतात ते त्याचं आधी नायट्राइट करतात अन् मग नायट्रेट, ते तेवढं घातक नाही. नव्या टँकात हे जिवाणू जमायले ४ ते ६ हप्ते लागतात आन तुम्ही दर रविवारी त्यायले धुऊन टाकता. निळ्या औषधानंही ते मरू शकतात. हप्त्यातून फक्त पाव पाणी बदला, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. गोल्डफिश कोणाले तरी देऊन टाका, ते मोठे होतात अन् लई घाण करतात.

संत्र्याचा_बाग:
कूलरच्या गवतावर पांढरा खार बसते ना? मग ते पाणी जड हाय, म्हंजे त्यात क्षार लई. निऑन अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, त्याले मऊ पाणी लागते. गप्पीले जड पाणी चालते, म्हणून ते मजेत. मी तर सरळ आरओची कॅन ओततो.

मासोळी_वेडा:
नुसतं आरओ नको बाप्पा, त्यात क्षारच नसतात. अर्धं बोरचं मिसळा. अन् उन्हाळ्यात कॅन थंडगार येते, तशीच ओतली तर मासे झटक्यानं जातील. रात्रभर बादलीत ठेवून मग टाका.

हौदवाली_मावशी:
लेकरा, माझं ऐक, निऑनचा नाद सोड. आमच्या गावात हिवतापवाले हौदात गप्पी सोडतात, डासाच्या अळ्या खातात म्हणून. आमच्याकडचे कोणी खाऊ न घालता पोसले गेले. खरी परीक्षा मे महिन्यात, ४५ च्या वर गेलं की पाणी तापते, तापल्या पाण्यात हवा कमी राहते अन् नेमकी तवाच लाईन जाते. झाकण काढून वरून टेबलफॅन लाव, काचेले ओलं फडकं गुंडाळ, बर्फाची बंद बाटली तरंगत ठेव (एकदम दोन नको). सेलवर चालणारा एअरपंप घेऊन ठेव.

बोरचं_पाणी:
मावशी, फडकं आजच गुंडाळलं. गोल्डफिश मेव्हण्याच्या माथी मारले 😄 आन सकाळी पाहतो तं गप्पीनं पिल्लं दिली! सात मोजली, मोठे गप्पी त्यायच्या मागं लागले. काय करू?

हौदवाली_मावशी:
आई-बापच खातात त्यायले. लवकर चहाच्या गाळणीनं उचल, दुसऱ्या भांड्यात टँकचंच पाणी घे अन् शेवाळाचा गुच्छा टाक लपायले. खाणं अगदी बारीक चुरून दे. लई झाले तं ओळखीच्यायले वाट, पण नाल्यात सोडू नको, तिथले देशी मासे ते संपवतात.